वऱ्हाडातील हेमाडपंती देवळे आणि त्यांचा जीर्णोद्धार



वऱ्हाडातील एखाद्या जुन्या गावी जाऊन तेथील काळ्या दगडाचे देऊळ कोणी बांधले असे विचारले, तर दोहोंपैकी एक उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणी सांगतो, हेमाडपंताने बांधले. कोणी सांगतो, पांडवांनी एका रात्रीत बांधले, आणि शिखर चढविण्यापूर्वीच कोंबडा आरवला म्हणून ते तसेच राहिले. ही दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत; तथापि ती अगदीच टाकाऊ आहेत असेही नव्हे. या देवळांचे कर्ते लोकांच्या स्मरणातून पार पुसले गेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी शिखर खरोखरच नाहीसे झाले आहे, या दोन गोष्टींची साक्ष त्यांत आहेच. आज मला बोलावयाचे आहे ते या पुसल्या गेलेल्या स्मृतीविषयी. आणि जी थोडी साक्ष दगडात अद्याप उरली आहे ती आपल्याच हातून, तीही भक्तिभावाने, कशी नाहीशी होत आहे, याविषयी.

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला डोंगराळ प्रदेश म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हा. बाहेर त्याची ओळख कापसाचा जिल्हा अशी आहे. घाटंजी काय, वणी काय, पुसद काय, या गावांचे नाव शहरातील गृहस्थांच्या कानी पडते ते बाजारभावाच्या निमित्ताने. अशा मुलखाला प्राचीन इतिहास तो कोणता असणार, असे सुशिक्षितांसही वाटते. परंतु यवतमाळला लागून असलेल्या लोहारा येथील कमलेश्वराचे देऊळ घ्या, दारव्ह्याकडील तपोना येथील महादेवाचे देऊळ घ्या, किंवा ज्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात आले नाही अशी रानातली, नदीकाठची, अर्धी ढासळलेली देवळे घ्या. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी या भूमीत घडीव दगडाचे काम करणारे पाथरवट होते, त्यांना पोसणारे धनी होते आणि त्या देवळांत जमणारी वस्ती होती, हे ती मुकाट्याने सांगत उभी आहेत.

प्रथम या देवळांची घडण पाहू. हेमाडपंती बांधणीचे मुख्य लक्षण हे की तीत चुना नाही. घडलेला दगड दगडावर असा बसविलेला असतो की त्याचा भार हाच त्याचा सांधा. जेथे दगड सरकण्याचे भय, तेथे एकास कुसू आणि दुसऱ्यास खोबण ठेवून ते एकमेकांत अडकविलेले असतात. खऱ्या कमानीचा येथे उपयोग नाही. चार खांबांवर चार तुळया ठेवावयाच्या, त्यांच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून वरची पोकळी लहान करावयाची, पुन्हा तसेच करावयाचे, आणि शेवटी उरलेला चौकोन एका कोरीव शिळेने झाकावयाचा, ही या छताची युक्ती. जोते उंच, भिंती जाड, गाभारा लहान व अंधारा. कोरीव कामाचा सारा भर दाराच्या चौकटीवर, खांबांवर आणि बाहेरच्या भिंतीच्या थरांवर. आमच्याकडे हा दगड बहुधा काळा पाषाणच असतो. कारण पूर्वेकडील वणीचा भाग सोडला तर जिल्ह्याचा बहुतेक भूभाग त्याच खडकाचा झालेला आहे. हा खडक फोडण्यास चिवट आणि कोरण्यास त्याहून चिवट. त्यातून पाकळीपाकळीचे कमळ काढणाऱ्या कारागिराचे नाव आपणांस ठाऊक नाही, परंतु त्याच्या छिन्नीची खूण अजून बोटाला लागते.

ज्या काळी आपल्याकडे ही देवळे उभी राहत होती, त्याच काळी युरोपखंडातही गावोगाव दगडी प्रार्थनामंदिरे उठत होती. अकराव्या व बाराव्या शतकांतील त्या शैलीला पुढे रोमनेस्क असे नाव मिळाले. कारण तिच्यातील अर्धवर्तुळाकार कमानी प्राचीन रोमन बांधकामाची आठवण देतात. इंग्लंडात वेल्सच्या सीमेजवळ किलपेक नावाच्या लहानशा खेड्यात सुमारे ११४० च्या सुमारास बांधलेले असे एक चर्च आहे. त्याच्या दारावरील वेलबुट्टी आणि छताखालच्या ओळीतील पशुपक्ष्यांची मुखे पाहावयास दूरदूरचे लोक जातात. तेथे कमान आहे, येथे ती नाही. तेथील देव निराळा आणि उपासना निराळी. परंतु जाड भिंती, मंद उजेड, दाराशी एकवटलेले शिल्प, आणि राजधानीपासून दूर एखाद्या लहान सरदाराने आपल्या गावासाठी केलेला खर्च, या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आढळतात. फरक पडला तो पुढे. किलपेकच्या दारावरील एकेका आकृतीची नोंद झाली, चित्रे निघाली, पुस्तके निघाली. आमच्याकडील त्याच वयाच्या देवळांपैकी बहुतेकांचे साधे मोजमापही कोणी घेतलेले नाही.

मग या देवळांच्या कर्त्यांचा शोध लागावा कसा? येथे शिलालेख आपल्या साह्यास येतो. पुसद तालुक्यातील डोंगरगाव येथे शके १०३४, म्हणजे इसवी सन १११२, या वर्षाचा एक संस्कृत लेख मिळाला, आणि नागपूरचे थोर पंडित वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात माळव्याच्या परमार घराण्याची हकीकत आहे. राजा भोजाच्या मृत्यूनंतर तीन शत्रूंनी मिळून माळव्यावर घाला घातला. त्या संकटातून उदयादित्याने राज्य सावरले. आणि त्याचा पुत्र जगद्देव हा आलेली राज्यलक्ष्मी वडील भावास देऊन स्वतः दक्षिणेस कुंतलाधिपतीकडे निघून आला, असे तो लेख सांगतो. हा कुंतलाधिपती म्हणजे १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य करणारा कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य. त्याने जगद्देवास पुत्राप्रमाणे वागविले. याच जगद्देवाने डोंगरग्राम हे गाव श्रीनिवास नावाच्या ब्राह्मणास दान दिले, ही त्या लेखाची मुख्य वार्ता. गुजरात-माळव्याच्या दंतकथांत ज्याच्या औदार्याच्या व शौर्याच्या गोष्टी सांगतात तो जगद्देव आमच्या पुसदच्या परिसरात गावे दान देत होता, हे त्या एका दगडावाचून आज कोणास कळते?

दुसरा लेख पैनगंगेच्या पलीकडचा आहे. पांढरकवड्याहून दक्षिणेस जाणारा राजरस्ता पैनगंगा ओलांडून आदिलाबादेस पोहोचतो. आज तो भाग तेलंगण राज्यात आहे. परंतु बाराव्या शतकात नदीचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली होते असे दिसते. आदिलाबादजवळ जैनथ, जुन्या ग्रंथांतील जैनड, या गावी जगद्देवाच्या काळचाच लेख आहे. त्यात जगद्देवाच्या पराक्रमांचे वर्णन करून शेवटी असे म्हटले आहे की त्याचा अधिकारी, दाहिमा कुळातील लोलार्क, याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्यदेवाचे, मंदिर बांधविले. आज त्या गावच्या मंदिरात लक्ष्मीनारायणाची पूजा होते. देवाचे नाव बदलले, राज्ये बदलली, भाषा बदलली; परंतु नऊशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने आपल्या पुण्याईसाठी येथे सूर्यमंदिर उभारले ही गोष्ट दगडाने विसरू दिली नाही. एवढ्याचसाठी मी म्हणतो की जुन्या देवळाचा प्रत्येक दगड हा कागदपत्र समजावा. कागद फाडताना आपला हात अडखळतो; दगड फोडताना तो अडखळत नाही, एवढेच.

आता हेमाडपंताविषयी दोन शब्द. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी मोठा अधिकारी होता. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला, आणि कारभारातील त्याची कीर्ती इतकी झाली की पुढे मोडी लिपीपासून चुन्यावाचूनच्या बांधणीपर्यंत अनेक गोष्टींचे जनकत्व लोकांनी त्याच्याकडे दिले. परंतु ही बांधणी त्याच्यापूर्वीच रूढ होती. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे १०६० चे, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचे. अकोला जिल्ह्यातील बार्शी टाकळी येथील देवळात शके १०९८, म्हणजे ११७६ चा लेख आहे, आणि मौज अशी की त्यात हेमाद्रिदेव नावाच्या स्थानिक राजाचाच उल्लेख आहे. हा हेमाद्री आणि यादवांचा हेमाद्री यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर! एका नावाखाली सारी देवळे घालण्याने एक मोठी हानी झाली. सर्वच देवळांचा कर्ता ठाऊक आहे असे वाटल्यामुळे एकेका देवळाचा खरा कर्ता शोधण्याची जिज्ञासाच खुंटली.

ही देवळे केवळ पूजेची स्थाने नव्हती. तेराव्या शतकातील महानुभाव ग्रंथ वाचले म्हणजे चक्रधरस्वामी आणि त्यांचे शिष्य प्रवासात पदोपदी देवळांत उतरत, तेथेच भोजन, निरूपण व विश्रांती होत असे, हे ध्यानी येते. त्या पंथाची ‘स्थानपोथी’ तर याहून विशेष आहे. स्वामींचे जेथे जेथे वास्तव्य झाले ती स्थाने पुढे हरवू नयेत म्हणून अनुयायांनी गावोगावची देवळे, त्यांच्या दारांच्या दिशा आणि आजूबाजूच्या खुणा नोंदून ठेवल्या. वऱ्हाडचे विद्वान डॉ. वि. भि. कोलते यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. पुरातत्त्व हे शास्त्र इंग्रजांनी येथे आणले असे आपण म्हणतो, आणि बहुतांशी ते खरेही आहे. पण जुने स्थान जसेच्या तसे टिपून ठेवावे ही बुद्धी मराठी माणसास त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच भाषेत झाली होती, याचा विसर पडू नये.

देवळे पडतात कशी? परचक्राचे नाव आपण पहिले घेतो, आणि काही ठिकाणी ते खरेही असेल. परंतु आमच्या भागात याहून निवांत शत्रू अधिक आहेत. पहिला पिंपळ. पक्ष्याने टाकलेले बी सांध्यात रुजते आणि पन्नास वर्षांत मूळ पहारीसारखे दगड उचकटते. दुसरा काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पायाचा एक कोपरा खचला की चुन्यावाचून उभी असलेली सारी मांडणी तोल सोडते. तिसरा माणूस. गढीला, विहिरीला, बांधाला घडीव दगड हवा असला की पडक्या देवळासारखी सोयीची खाण नाही. आणि गुप्तधनाच्या लोभाने पिंडीखाली खणणारे तर सर्वांत वाईट. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास सरकारास कळविणे आवश्यक आहे, ही गोष्टही पुष्कळांस ठाऊक नसते.

गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे मार्कंडा येथील मंदिर हे विदर्भातील या कलेचे शिखर. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ते पाहून त्याच्या शिल्पाची मुक्तकंठाने वाखाणणी केली. परंतु त्यापूर्वीच, अठराव्या शतकात, वीज पडून त्याचे शिखर मंडपावर कोसळले होते असे सांगतात. तोल सावरण्यासाठी मागाहून कोणी ओबडधोबड खांब व कमानी घातल्या. सौंदर्याच्या दृष्टीने ती ठिगळेच होत. तथापि त्यांनी मंदिर तगविले, आणि ती मूळची असल्याचा बहाणा केला नाही. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने तेथील शिखराचे दगड उतरवून फेरबांधणीस हात घातला, आणि ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. उतरविणे सोपे, चढविणे अवघड, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

रक्षणाच्या कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८६१ मध्ये कनिंगहॅम यांच्याकडे पुरातत्त्व संशोधनाचे काम आले. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेने अंबरनाथ मंदिराची चित्रे व साचे तयार केले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० चा राज्याचा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले. हे सर्व ठीक. परंतु हे कवच लाभते ते यादीतील स्मारकांस. ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही अशी देवळे खेडोपाडी पुष्कळ आहेत, आणि त्यांचे भवितव्य ठरते ते गावच्या पंचांच्या बैठकीत, वर्गणीच्या पावतीपुस्तकावर. सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होण्यासारखी नाही ती यामुळेच.

येथे मुख्य प्रश्न उभा राहतो. जीर्णोद्धार म्हणजे काय? हा वाद केवळ आपलाच नव्हे. फ्रान्समध्ये १८४० पासून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने व्हेझले येथील पडावयास आलेले मोठे रोमनेस्क चर्च सावरले, ही त्याची सेवा निर्विवाद. परंतु जुनी इमारत तिच्या परिपूर्ण रूपात उभी करावी, मग ते रूप पूर्वी कधी प्रत्यक्षात असो वा नसो, असे त्याचे मत बनले. आणि त्या मताच्या भरात युरोपात अनेक ठिकाणी जुने खरवडून नवे ‘जुने’ बनविण्यात आले. याविरुद्ध इंग्लंडात विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये संस्था स्थापन केली. त्यांचे म्हणणे साधे होते. जुन्या इमारतीची रोजची निगा राखा, पडत असेल तर टेकू द्या, पण शतकांची खूण पुसू नका.

आपल्याकडे हा वाद इतका सोपा नाही, कारण आपले देऊळ जिवंत आहे. त्यात रोज पाणी पडते, दिवा लागतो, श्रावणात व महाशिवरात्रीस गर्दी होते. पडक्या देवळाचा उद्धार करण्याचे पुण्य नव्या देवळाहून मोठे, ही आपली जुनी श्रद्धा. आणि त्या श्रद्धेपोटीच अहिल्याबाई होळकरांसारख्या साध्वीने वेरूळच्या घृष्णेश्वरापासून काशीपर्यंत देवालये पुन्हा उभी केली. ही श्रद्धा नसती तर आज पुष्कळ ठिकाणी दगडही दिसले नसते. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जे मार्गदर्शक नियम लिहिले त्यांतही, ज्या वास्तूत उपासना चालू आहे तेथे दुरुस्ती अधिक करावी लागेल, हे मान्य केले होते. यादीबाहेरच्या वास्तूंसाठी इंटॅक या संस्थेने २००४ मध्ये केलेल्या सनदेतही परंपरागत कारागिरांच्या कौशल्याला मानाचे स्थान दिले आहे. तेव्हा देवळास हात लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. हात कशासाठी व कसा लावावा, एवढाच प्रश्न आहे.

आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे चालते ते पाहावे. काळ्या दगडाच्या खांबांना तैलरंगाचे चकचकीत पट्टे येतात. द्वारपालांच्या ओठांना तांबडा आणि वस्त्रांना निळा रंग चढतो. गाभाऱ्यास स्नानगृहात शोभतील अशा फरशा बसतात. सांध्यांत सिमेंट भरले जाते. रंगाने आणि सिमेंटने दगडातील ओल बाहेर पडावयाची वाट बुजते, क्षार आतल्या आत साचतात, आणि काही वर्षांत कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. दगडाहून कठीण सिमेंट सांध्यात बसले म्हणजे ताण आला असता फुटतो तो दगड, सिमेंट नव्हे. मंडपाला लोखंडी सळयांचा स्लॅब जोडला की चुन्यावाचून तोललेल्या भिंतींवर त्यांनी कधी न वाहिलेला भार पडतो. आणि याच गडबडीत दाराच्या चौकटीवरील दोन ओळी गिलाव्याखाली जातात. त्या ओळींत एखादी पद्मावती असेल. पण तिचे नाव वाचणारा यापुढे कोणी होणार नाही. हे करणारे लोक दुष्ट नव्हेत. ते सश्रद्ध आहेत, पदरचा पैसा व श्रम खर्चतात, आणि आपण देवाची सेवा केली या समाधानाने घरी जातात. म्हणूनच त्यांना दोष देऊन भागणार नाही; त्यांच्याशी आदराने बोलावे लागेल.

त्यांना सांगावयाच्या गोष्टी थोड्या व स्वस्त आहेत. कामास आरंभ करण्यापूर्वी देवळाच्या चारी बाजूंची, खांबाखांबाची छायाचित्रे घ्यावीत आणि मोजमापाचा नकाशा काढावा. गावच्या शाळेतील वरच्या वर्गाची मुले सुटीच्या दिवशी हे काम आनंदाने करतील. पावसाचे पाणी जोत्यापासून दूर काढून द्यावे, कारण निम्मे देऊळ पाणी मारते. पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच दरसाल उपटावे. मोठे झालेले मूळ मात्र ओढून काढू नये, ते कापून जागीच वाळू द्यावे. दरजा भरणे अगदी भागच असेल तर चुन्याने भराव्या. दगड उतरवावाच लागला तर त्यावर पुसता येईल असा क्रमांक घालूनच उतरवावा. लेख दिसल्यास अक्षरांत रंग वा खडू भरू नये. संध्याकाळी बाजूने दिव्याचा तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावे. आवारात विखुरलेल्या मूर्ती व वीरगळ तेथेच राखावे व त्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. कीर्तनास, प्रसादास मोठी जागा हवी हे योग्यच. पण तो मंडप जुन्या भिंतीला न चिकटविता थोडा दूर, स्वतंत्र पायावर उभारावा. त्याने देवास काही कमी पडत नाही आणि गावाची सोय होते.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल की हे खेड्यातील लोकांस सांगावयाचे. आम्हांस काय त्याचे? परंतु गावच्या जीर्णोद्धाराची वर्गणी शहरात गेलेल्या मुलांकडूनच बहुधा येते. आपल्या मूळ गावाहून असे पावतीपुस्तक आले तर रक्कम अवश्य द्यावी, आणि तिच्यासोबत दोन ओळींचे पत्र लिहावे: माझा पैसा पाणी काढण्यास, चुन्यास आणि पाथरवटाच्या मजुरीस लावावा, रंगास आणि फरशीस लावू नये. देणाऱ्याचा शब्द गावात ऐकला जातो. शके १०३४ मध्ये डोंगरगावचे दान देणाऱ्यानेही आपला शब्द पुढील पिढ्यांनी पाळावा म्हणूनच तो दगडावर कोरविला होता. तो आपल्यापर्यंत पोहोचला. पुढे पोहोचविणे आता आपल्याकडे आहे.